पुस्तके सुस्थितीत आहेत

चौकस मूल पुस्तकात असलं की सगळ्यांना आवडतं. घरात असलं की त्याला आगाऊ म्हणतात.

'तोत्तोचान' वाचून डोळे पुसणारी माणसं आमच्या नगर जिल्ह्यात काही कमी नाहीत. (2024 पासून जिल्हा कागदोपत्री अहिल्यानगर झाला, पण जीभ निवृत्तीनंतर सुधारत नाही, तेव्हा मला माफी असावी.) तेत्सुको कुरोयानागी या जपानी बाईंच्या बालपणाची ही हकिकत चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी मराठीत आणली, नॅशनल बुक ट्रस्टनं ती छापली आणि डी.एड. झालेल्या प्रत्येकानं ती वाचली, निदान वाचली असं मुलाखतीत सांगितलं. वर्गात डेस्कचं झाकण सारखं उघडमीट करणारी, खिडकीत उभी राहून रस्त्यावरच्या वाजंत्र्यांना हाका मारणारी ती पोरगी शाळेतून काढून टाकली जाते. मग नव्या शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी तिला समोर बसवून चार तास तिची बडबड ऐकतात. चार तास! आमच्याकडच्या मुख्याध्यापकाला सलग चार तास मिळाले तर तो आधी यू-डायसची माहिती भरील, मग पोषण आहाराचा तांदूळ मोजील आणि उरलेल्या वेळात मीटिंगला उशीर का झाला याचा खुलासा लिहील. तरी तोत्तोचान सगळ्यांना आवडते. "किती गोड ना!" म्हणत पुस्तक मिटायचं आणि त्याच श्वासात समोरच्या पोराला म्हणायचं, "ए, गप बैस. लई शहाणा झालास का?"

मी शिक्षक नाही. पंचायत समितीच्या शिक्षण विभागातून वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झालो. माझं आयुष्य आवक-जावक आणि साठा नोंदवह्यांत गेलं. सून जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. ती एक दिवस म्हणाली, "आबा, दिवसभर घरात रिमोट शोधत बसता, त्यापेक्षा शाळेत या. पोरांना चित्रांची पुस्तकं वाचून दाखवा." मला वाटलं, यात काय अवघड आहे? एका पानावर आठ-दहा शब्द. एवढा मजकूर तर आम्ही पाकिटावर लिहीत होतो.

अवघड आहे. मोठ्या माणसाला चित्रपुस्तक वाचता येत नाही. तो शब्द वाचतो आणि पान उलटतो. मूल अजून पहिल्याच पानावर कोपऱ्यातली मांजर बघत असतं. मोठ्याच्या हिशेबी मांजर गोष्टीत नाही. मुलाच्या हिशेबी गोष्ट मांजरीचीच आहे, बाकीची माणसं मधे मधे येतात.

एकदा एक साहेब शाळाभेटीला आले. वाचनाचा उपक्रम चालू आहे म्हटल्यावर त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि दीड मिनिटात संपवलं. पानं अशी भराभर गेली की मागच्या पोरांना नुसता वारा लागला. मग साहेबांनी पुस्तक मिटून विचारलं, "तर मुलांनो, या गोष्टीचं तात्पर्य काय?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "खोटं बोलू नये!"

गोष्ट मिशांची होती.

साहेब म्हणाले, "शाब्बास!" पोरांची काही चूक नाही. तात्पर्य विचारलं की 'खोटं बोलू नये', 'झाडे लावा' आणि 'एकीचे बळ' या तिघांपैकी एक काढायचं, हे त्यांना अंगणवाडीपासून ठाऊक असतं. मिशांना यांतलं पहिलं सगळ्यात जवळचं वाटलं असेल.

ते मिशांचं पुस्तक माधुरी पुरंदरे यांचं. अनू नावाच्या मुलीला आपल्या बाबाच्या मिशा भारी आवडतात, एवढाच विषय. पुरंदरेबाईंना बालसाहित्यासाठी 2014 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांची राधा, त्यांचा यश ही मुलं मराठी घरात पाय पसरून बसलेली आहेत. बाई लिहितातही आणि चित्रंही काढतात, आणि कुठंही शेवटी बोट उगारून काही सांगत नाहीत. त्यामुळं तात्पर्यवाल्यांची मोठी पंचाईत होते.

साहेब गेल्यावर आम्ही तेच पुस्तक पुन्हा काढलं. दुसरीचा वर्ग. मी फक्त मुखपृष्ठ दाखवलं, तर कुणाच्या घरात कसल्या मिशा आहेत याची शिरगणती सुरू झाली. एकाचा चुलता तालमीतला, त्याच्या पिळाच्या. एकीच्या आजोबांच्या पांढऱ्या, पण मधे तंबाखूनं पिवळ्या. एका पोराचा मामा नुकताच सरपंच झालेला. तो निवडून आल्यापासून मिशीवर जास्त हात फिरवतो, ही माहिती मला गावच्या राजकारणाच्या दृष्टीनं मोलाची वाटली. कोपऱ्यात बसलेला एक पोरगा मात्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आमच्या पप्पांनी काढली मिशी. आजोबा वारले ना, तव्हा."

"मग परत आली का?" कुणीतरी विचारलं.

"आली. पण आधी बारकी आली."

आणि वर्ग मिशीवरून थेट दहाव्याला गेला. आमच्याकडं दहावा हा नुसता विधी नसतो. प्रवचन असतं, झाडून सगळ्या पक्षांचे पुढारी असतात, श्रद्धांजलीची भाषणं असतात आणि ती संपेपर्यंत कावळा ताटकळतो. दुसरीतल्या पोरांनीही दहा-बारा दहावे बघितलेले असतात. "आमच्या आजीच्या पिंडाला कावळा शिवनाच," एक पोरगी हात वर करून म्हणाली. "मग आण्णा म्हणले, म्हातारे, तुझ्या नातीचं लग्न चांगल्या घरी करू. तव्हा शिवला."

तिच्या शेजारी बसलेली चिमुरडी विचारात पडली. मग तिनं विचारलं, "पण सर, कावळ्याला कसं कळलं लग्न म्हंजी काय?"

"त्याला भूक लागली असंल," मागून एक आवाज.

"मग आधी का नाय लागली?"

सुनेनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. सदर प्रश्नावर निर्णय घेण्याचे अधिकार माझ्या स्तरावर नसल्यानं प्रकरण वरिष्ठांकडं सादर करणं भाग होतं. पण निवृत्त माणसाला वरिष्ठ कुठले? मी म्हणालो, "मोठी झालीस की कळेल."

"तुम्ही तर मोठे झालात," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच उत्तर पाहिजे होतं.

अनू आणि तिचा बाबा तोवर तिसऱ्या पानावर मिशांसकट ताटकळत राहिले होते. घंटा झाली. त्या दिवशी पुस्तक पुरं झालंच नाही. पण पोरांनी आपण होऊन शाळेबाहेरचे कावळे निरखायला सुरुवात केली, आणि कावळा भाकरीचा तुकडा आधी पाण्यात बुडवतो आणि मग खातो ही बातमी दुसऱ्या दिवशी मला मिळाली. पाठ्यपुस्तकात पक्ष्यांचा धडा आहे. त्यानं असं कुणी कावळ्याच्या मागं लागल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

आमचा जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यात मोठा, तालुके 14. त्यामुळं एकच चित्र इथं चौदा तऱ्हांनी बघितलं जातं. एका पुस्तकात पाऊस पडतोय आणि एक मुलगी छत्री घेऊन डबक्यात उड्या मारतेय, असं पान होतं. ते मी अकोले तालुक्यात, घाटघर-रतनवाडीच्या अंगाला दाखवलं. तिथं पाऊस सुरू झाला की माणूस थांबतो, पाऊस थांबत नाही. पोरं म्हणाली, "हिनं इरलं का नाय घेतलं? छत्री तर वाऱ्यानं उलटी व्हईल." तेच पान पाथर्डीकडच्या एका वाडीवर दाखवलं. तिथल्या पोरीनं चित्रावर बोट ठेवलं आणि कळकळीनं विचारलं, "एवढं पाणी वाया चाललंय, खाली ड्रम का नाय लावला?" चित्रकारानं काढली होती मजा. एकीनं त्यात वारा बघितला, दुसरीनं टँकर. मोठ्यांनी काय बघितलं? मोठ्यांनी 'पाऊस आला' हे दोन शब्द वाचून पान उलटलं.

प्रश्न विचारण्याची आमच्या जिल्ह्याला तशी जुनी खोड आहे. नेवाशाला पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी 1290 साली गीता मराठीत सांगितली ती का? मुळात अर्जुनानं भर रणांगणात, दोन्ही सैन्यं तयार असताना, शंका काढल्या म्हणून. त्याला कुणी "आधी लढ, मग विचार" म्हटलं असतं तर अठरा अध्याय वाचले असते, म्हणजे वाचायचेच राहिले असते. 1839 साली सिंथिया फरार ही अमेरिकन बाई नगरला आली आणि मुलींना शिकवत राहिली ती 1862 मध्ये इथल्याच मातीत जाईपर्यंत. 1842 मध्ये 'ज्ञानोदय' नगरातच निघालं, आणि त्याच मिशनच्या मंडळींनी पुढं 'बालबोधमेवा' नावाचं खास मुलांचं मासिक काढलं. लहान मुलांच्या हातात छापील कागद द्यावा, ही गोष्ट इथं दीडशे वर्षांपूर्वी लोकांना सुचली होती.

भुईकोट किल्ल्यात 1942 पासून पंडित नेहरू कैदेत होते. 'भारताचा शोध' त्यांनी तिथं लिहिला. त्याआधीच्या तुरुंगवासात लेकीला पत्रं लिहून त्यांनी जगाचा अख्खा इतिहास सांगितला होता. त्यावरून मी एक प्रशासकीय निष्कर्ष काढला आहे. लेकराच्या प्रश्नांना सविस्तर उत्तरं द्यायची असतील तर बापाला सरकारनं अटक करावी लागते. एरवी सवड मिळत नाही. शाळेची सहल किल्ल्यावर गेली तेव्हा नेहरूंची खोली बघून एका पोरानं विचारलं, "ह्यांना इथं मोबाईल लावायला रेंज होती का?" आम्ही हसलो. त्यानं लगेच दुसरा प्रश्न केला, "मग लेकीला काय झालं तर ह्यांना कळायचं कसं?" तेव्हा हसू जरा आवरतं घ्यावं लागलं.

आता मूळ विषयावर येतो, म्हणजे कपाटावर.

शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा. त्याच्या अनुसूचीत स्पष्ट म्हटलंय की प्रत्येक शाळेत वाचनालय असावं आणि त्यात गोष्टींची पुस्तकंही असावीत. त्याप्रमाणं पुस्तकं येतात. पुस्तकं येतात, मोजली जातात, त्यांच्यावर शिक्के बसतात. एक शिक्का मुखपृष्ठावर, एक आत, एक शेवटी, आणि शिपायाला शाई जास्त वाटली तर एक चित्रातल्या सशाच्या पोटावर. मग डेडस्टॉक रजिस्टरला नोंद होते आणि पुस्तकं लोखंडी कपाटात जातात. कपाटाला कुलूप. किल्ली मुख्याध्यापकांकडं. मुख्याध्यापक तालुक्याला मीटिंगला.

याला कुणा एकाला दोष देता येत नाही. पुस्तक फाटलं, हरवलं, तर तपासणीला आलेला माणूस विचारणार, नग कमी कसा? त्यापेक्षा कुलूप बरं. रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात 'शेरा' असतो. तिथं वर्षानुवर्षं एकच शब्द खाली खाली लिहीत जायचं : सुस्थितीत, सुस्थितीत, सुस्थितीत. मी असली रजिस्टरं आयुष्यभर हाताळलीत, त्यामुळं जबाबदारीनं सांगतो, ज्या चित्रपुस्तकापुढं सलग 5 वर्षं 'सुस्थितीत' असा शेरा आहे, ते पुस्तक फक्त वाळवीनं वाचलेलं असतं.

आमच्याच जिल्ह्यात शनिशिंगणापूर आहे. तिथल्या घरांना दारं नसण्याची रीत सगळ्या देशाला ठाऊक आहे. 2011 मध्ये युको बँकेनं तिथं कुलूप न लावणारी शाखा उघडली, तेव्हा केवढी बातमी झाली! म्हणजे या जिल्ह्यात नोटा कुलपाशिवाय राहू शकतात. अनू आणि तिचा बाबा राहू शकत नाहीत.

वर्षातून एकदा कपाट हमखास उघडतं. 15 ऑक्टोबर, डॉ. कलामांचा जन्मदिवस, 2015 पासून आपल्याकडं वाचन प्रेरणा दिन. त्या दिवशी पुस्तकं बाहेर येतात, पोरं ओळीत बसतात आणि फोटो निघतो. फोटोत पुस्तकाचं नाव दिसायला पाहिजे म्हणून प्रत्येक पोरानं पुस्तक छातीशी धरून मुखपृष्ठ कॅमेऱ्याकडं केलेलं असतं. त्यामुळं त्या दिवशी पुस्तक कॅमेरा वाचतो. फोटो ग्रुपवर जातो, अंगठे येतात, पुस्तकं मोजून परत आत. करोनाच्या दिवसांत 'गोष्टींचा शनिवार' म्हणून मोबाईलवर गोष्टी येत. कल्पना झकास, पण मोबाईल बापाच्या खिशात आणि बाप कांद्याच्या वावरात. अंधार पडल्यावर गोष्ट घरी यायची, तोवर बॅटरी किंवा पोरगं, दोन्हींतलं एक झोपलेलं असायचं.

माझ्या सुनेनं शाळेत दोरी बांधली आणि पुस्तकं कपड्यांसारखी तिच्यावर वाळत घातली. ज्याला पाहिजे त्यानं ओढायचं, घरी न्यायचं. मी हादरलो. "अगं, नोंद?" म्हटलं. ती म्हणाली, "पोरंच करतात नोंद." पोरांची नोंदवही मी तपासली. एका पुस्तकापुढं लिहिलं होतं, 'भावानं चाटलं.' शेरा असावा तर असा.

त्यातलं यशचं एक पुस्तक दिवाळीनंतर गायब झालं. चौकशीअंती कळलं, तिसरीतली एक मुलगी आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली, तिनं नेलं. आमच्या पाथर्डी-शेवगावच्या गावांतून दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या भरतात. तिला शाळेशी ठेवून घ्यायची खटपट झाली होती, पण धाकटं भावंड सांभाळायला घरचं दुसरं कुणी नव्हतं. पुस्तक गेलं ते गेलंच, असं धरून मी सुनेला नियम सांगितला : हरवलेल्या नगाची किंमत भरून पावती फाडायची, विषय संपला. तिनं पावती फाडली नाही. नुसतं 'प्रवासात' असं लिहिलं.

पाडव्याच्या सुमाराला मुलगी परत आली आणि पुस्तक घेऊन आली. मागचं मुखपृष्ठ नव्हतं. एका पानाला चुलीचा चटका बसलेला. खुणेला उसाचं पाचट घातलेलं. चिकट इतकं की दोन पानं नखानं सोडवावी लागली. कोप्यांवरच्या सगळ्या पोरांनी ते बघितलं होतं, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी चित्रांवरून आपापली गोष्ट लावली होती. एका गोष्टीत तर म्हणे यश मुकादमाचा पोरगा होता. मुलीनं पुस्तक दोरीवर टांगलं, जायला वळली आणि मग सुनेला विचारलं, "बाई, ह्याचे आईबाप तोडीला जात नाहीत का?"

"नाही गं."

"मग हा वर्षभर एकाच घरात राहतो?" तिला ते परीकथेइतकं अद्भुत वाटलं असावं. परीवर तिनं एवढा संशय घेतला नसता.

महाश्वेतादेवींची एक मोयना आहे. शबर जमातीतली, दिवसभर 'का?' विचारत फिरणारी, बाबूंच्या शेळ्या राखणारी मुलगी. शाळा सकाळची, आणि सकाळी तिला शेळ्या. ती शाळेतल्या बाईंना पाय आपटून विचारते की शाळेची वेळ का बदलत नाही? शेळ्या चारून आल्यावर शाळा भरली तर मी शिकेन ना! पुढं हीच मोयना त्या शाळेत शिकवायला लागते. हे चित्रपुस्तक मी शिक्षकांच्या एका बैठकीत दाखवलं, तेव्हा सगळ्यांना ती मुलगी फार आवडली. एकानं तर विचारलं, "अशी पोरं आता कुठं राहिलीत हो?" त्यांच्या शाळेच्या पटावर अशी निदान डझनभर असतील. पण ती पुस्तकात नसल्यामुळं हजेरीपटावर त्यांच्यापुढं 'गै.ह.' लिहिलेलं असतं.

असो. गावोगावच्या मुख्याध्यापकांना आणि बाईंना माझी एक विनंती आहे, आणि ती कार्यालयीन स्वरूपाची आहे. कपाट उघडा आणि पुस्तकं पोरांच्या हातात जाऊ द्या. ती फाटतील, चिकट होतील, भाऊ चाटील. घाबरू नका. फाटलेल्या साहित्यासाठी शासनानं निर्लेखनाची सोय करून ठेवलेली आहे. त्याचा प्रस्ताव किचकट असतो, तीन प्रतींत लागतो, आणि तो कसा लिहायचा हे आता फार थोड्यांना येतं. मला येतं. तुमची पुस्तकं एकदा नीट फाटली की मला निरोप धाडा. प्रस्ताव मी फुकट लिहून देईन. कारणाच्या रकान्यात 'मुलांनी वाचल्यामुळे' असंच लिहीन, आणि त्यावर कोणत्या साहेबाचा आक्षेप येतो ते मला बघायचंय.